पाटलाघरचा आचारी

"टाइमकीपर," मोहनराव म्हणाले. "सावलीतलं काम हाय. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा. दाजी, तुमच्या पोरासाठी एवढं बी न्हाई केलं तर मी चेअरमन कशाचा?"

विठ्ठलराव पाटलांनी नुसती मान हलवली. धारूरच्या घाटाखालच्या आपल्या गावाहून ते पहिल्या एस.टी.नं आले होते, धुवट धोतर नेसून, ठेवणीतला फेटा बांधून. मोहनराव त्यांच्या बायकोचे चुलतभाऊ. तरी मागायला आलेला माणूस तो मागायलाच आलेला असतो, हे त्यांना ऑफिसच्या पायऱ्या चढतानाच जाणवलं होतं. आजवर लोक त्यांच्या ओसरीवर येत. स्वतः ते कामासाठी कुणाच्या दारी गेले नव्हते.

सहकारी साखर कारखान्याची उभारणी अजून चालू होती. खिडकीतून अर्धवट चढलेलं धुराडं दिसत होतं आणि लोखंडावर हातोडे पडल्याचे आवाज येत होते. येत्या दसऱ्यानंतर पहिला हंगाम धरायचा होता.

"काय आप्पा? सोमवारपासून येतूस ना?" मोहनरावांनी विचारलं.

आप्पाराव बापाच्या मागं उभा होता. चोवीस-पंचविशीचा, अंगानं दणकट, दहावीपर्यंत शिकलेला. तो म्हणाला, "मामा, हितं कामगारांसाठी कँटीन होनार हाय म्हनं?"

"होनार की. लई मोठं. कावून?"

"मंग आचारी लागंल तुमाला."

"लागंल. हाय का कुनी तुज्या वळखीचा?"

"मी हाय."

मोहनराव मोठ्यानं हसले. मग आप्पारावाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "आरं, पाटलाचा पोरगा हायेस बे तू. पंगतीतली उष्टी काढशील?"

"आमच्या घरी पंगत बसली की आबा सोता पानी वाढत्यात, मामा."

"घरची पंगत येगळी आन पगारावरची येगळी."

"ती कावून येगळी, तेच मला कळंना," आप्पाराव म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, असं ते वाक्य होतं.

विठ्ठलराव उठले. "येतो, मोहनराव," एवढंच बोलून ते पायऱ्या उतरले. चहा तसाच राहिला. परतीच्या एस.टी.त ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि आप्पाराव पार शेवटच्या. घाट उतरून गावात पोचेपर्यंत बापानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

हे आप्पारावाच्या डोक्यात एका दिवसात आलेलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात घाटाखालच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हापासून ते मुरत होतं.

पाटलांच्या घरात एक जुनी रीत होती. दुपारी ताटावर बसण्याआधी कर्त्या पुरुषानं ओसरीवर यायचं आणि गल्लीत दोन्ही अंगांना नजर टाकायची. कुणी परगावचा, कुणी भुकेला दिसला तर त्याला आत बोलावून आधी त्याचं पान मांडायचं. आप्पारावाच्या आज्यानं ती पाळली, विठ्ठलरावांनी पाळली. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात गल्लीत नजर टाकली की एकाऐवजी दहाजण दिसू लागले. विठ्ठलरावांनी त्यांनाही नाही म्हटलं नाही. जमिनीतलं ज्वारीचं पेव उपसत उपसत रिकामं झालं आणि एके दिवशी पाटलाच्या घरातच पीठ उरलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. सगळं गाव तिथं खडी फोडायला आणि माती वाहायला जात होतं. विठ्ठलरावांचे पाय तिकडं वळेनात. "माज्याच सालगड्याच्या शेजारी उभा राहून हजेरी देऊ का मी?" ते म्हणाले आणि ओसरीवर बसून राहिले. मग आप्पाराव आणि त्याची माय जानकीबाई निघाले. जानकीबाईंनी पदर इतका पुढं ओढला होता की त्यांना समोरची खडी दिसत नव्हती. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांना उन्हाची भोवळ आली आणि पाठीवर घालून आप्पारावानं त्यांना घरी आणलं. त्यानंतर तो एकटाच कामावर जाऊ लागला.

त्याची नवी नवरी वत्सला तेव्हा माहेरी होती. माय अंथरुणावर. भाकरी करायला कुणी नाही. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. तिचं पीठ घेऊन आप्पाराव तलावावर गेला, तीन दगड मांडले आणि एका फुटक्या तव्यावर त्यानं आयुष्यातली पहिली भाकरी टाकली. तिचे तुकडे तुकडे झाले.

शेजारी एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई बसली होती. बायनाबाई तिचं नाव. दरवर्षी नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला जाणारी. ती तोंडाला पदर लावून हसली. "पाटील, भाकर हाय का गाळणं?"

"जमंना, मावशे."

"मिलोला चिकटपना नस्तो. आदी पानी उकळ. उकळत्या पान्यात पीठ सोड, झाकून ठिव, मंग मळ. आन हात असा गोल फिरव. भ्यायचं न्हाई पिठाला."

दोन दिवसांत त्याची भाकरी फुगू लागली. चार दिवसांनी बायनाबाईच म्हणाली, "माज्यापरीस तुजीच बरी हुतीया."

तलावावर दुपारी जिकडं तिकडं छोट्या चुली पेटत. सरपण मिळायचं नाही. बाया शेणकुटांसाठी भांडत. कुणाकडं पीठ असे तर तिखट नसे, कुणाकडं मीठ असे तर पीठ नसे. आप्पाराव म्हणाला, ज्याच्याकडं जे असेल ते आणा, एकच चूल पेटवू, मी करतो. काहींनी तोंड फिरवलं. एका भांड्यातलं सगळ्यांनी खायचं, हे त्यांना पटेना. आप्पाराव वाद घालत बसला नाही. जे आले त्यांच्यासाठी त्यानं भाकरी थापल्या आणि घरातल्या डब्याच्या तळाला उरलेलं येसर, भाजक्या डाळी-मसाल्याचं पीठ, टाकून पातळ आमटी केली. तिचा वास बांधाच्या त्या टोकापर्यंत गेला. पुढच्या आठवड्यात वेगळ्या चुली एकेक करत कमी झाल्या. काही शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्या, तेही खरं.

पोरं त्याला 'आप्पाबाई' म्हणून चिडवायची. तो मनावर घ्यायचा नाही, कारण त्याला दुसरंच काही दिसत होतं. सकाळपासून दगड फोडलेला माणूस पहिला घास गिळतो तेव्हा त्याचे आवळलेले खांदे खाली येतात. मग तो शेजारच्याशी बोलायला लागतो. हे बघताना आप्पारावाच्या छातीत काहीतरी भरून यायचं. शेतात चांगलं पीक आलेलं बघूनही त्याला तसं कधी झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि काम बंद झालं. शेवटच्या दिवशी बायनाबाईनं विचारलं, "आता काय करतूस?"

"आबा मनत्यात, मामाचा कारखाना होतोय. तिथं टेबलाची नौकरी बघू."

"आबा मनत्यात. आन तू काय मनतूस?"

बायनाबाई आपलं बोचकं डोक्यावर घेऊन गेली आणि तो प्रश्न मात्र त्याच्याजवळ राहिला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत औतामागं चालताना त्यानं त्या प्रश्नाचा पुष्कळ काथ्याकूट केला. घरानं आपल्याला काय शिकवलं आणि गाव कशाला मान देतं, हे तो पहिल्यांदाच वेगवेगळं करून बघत होता. घरानं शिकवलं होतं, दारातला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. त्यापरतं मोठं काम पाटलाच्या घरात दुसरं नव्हतं. गावात मात्र मोठा कोण? ज्याला लोक वाढतात तो. ज्याच्यासमोर चहा येतो, ज्याला उठावं लागत नाही तो. लहानपणापासून त्याला या दोन्ही गोष्टी एकच वाटत आल्या होत्या, कारण विठ्ठलरावांच्या ठिकाणी त्या एकत्र होत्या. आता त्या वेगळ्या दिसू लागल्या.

आणि घराचंही सगळंच त्याला जसंच्या तसं उचलावंसं वाटेना. पंगतीत नाव व्हायचं ते पाटलाचं. चुलीपुढं धुरात डोळे लाल करून बसायची ती माय. तिचं नाव कुणी घेत नसे. तलावावर स्वतः भाजून घेतल्यावर हे त्याच्या ध्यानात आलं. अन्न देणं मोठं असेल तर ते शिजवणंही मोठंच असलं पाहिजे. खुर्चीवर बसून इतरांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडत आयुष्य काढायचं, की आपल्याला जे खरंच मोठं वाटतं ते करायचं, एवढाच मग प्रश्न उरला. म्हणून त्या दिवशी मोहनरावांच्या ऑफिसात तो तसं बोलला.

आठवड्यानं मोहनरावांचा निरोप आला. पोराचा हट्टच असेल तर येऊ द्या, दोन महिन्यांत भट्टीची धग लागली की आपणहून टेबलाकडं येईल.

निरोप ऐकून विठ्ठलराव आत निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी आप्पारावाशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर ते जानकीबाईंना सांगत, तोही तिथंच बसलेला असला तरी. गावात कुणी विचारलं तर म्हणत, "कारखान्यावर असतो," आणि विषय बदलत.

वत्सला दुष्काळ सरल्यावर माहेराहून परत आली होती. तिला आप्पारावानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सैपाक तुमी करनार तर मी काय करू? तुमचं टेबल सांभाळू का?"

दोघंही हसली. कारखान्याच्या कॉलनीत त्यांना एक खोली मिळाली.

मोहनरावांचे दोन महिने उलटले, पण आप्पाराव टेबलाकडं गेला नाही. सुरुवातीला कामगार त्याला मुद्दाम "ओ पाटील, पानी आना" म्हणून हाक मारत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. तो पाणी आणून ठेवायचा. त्याच्या हातची येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी खाऊन ते ढोसणं आपोआप थांबलं. मग ते त्याला आप्पा म्हणू लागले.

दसरा झाला, उसाची पहिली मोळी गाळपाला पडली, कारखान्याचा भोंगा पंचक्रोशीत ऐकू जाऊ लागला. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. गाडी खाली व्हायला कधी कधी अर्धा दिवस लागे. गाडीवान, त्यांच्या बायका, वाढ्यांवर, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पाल्यावर झोपवलेली लेकरं, सगळे गाडीतळावर ताटकळत बसत. त्यांनी उजाडायच्या आधी फडात कोयता चालवलेला असायचा. जवळच्या फडक्यात आदल्या दिवसाची भाकरी असली तर असायची.

कँटीनची खिडकी नेमकी गाडीतळाकडं उघडत होती. आप्पाराव आत दोनशे लोकांना वाढायचा आणि खिडकीतून बाहेरची माणसं त्याच्याकडं बघत राहायची. चौथ्या दिवशी तो कारखान्याच्या मॅनेजरकडं, मोठ्या साहेबांकडं गेला.

"कँटीन कामगारांसाठी आहे," साहेब म्हणाले.

"मंग हे कोन हायेत, साहेब?"

"ती मुकादमाची माणसं. आपल्या कारखान्याची नाहीत."

"ऊस तर आपल्या कारखान्याचा हाय ना?"

साहेबांनी हात जोडले. "आप्पाराव, नियम मी केलेला नाही."

आप्पारावानं कँटीनमधलं काही बाहेर नेलं नाही. स्वतःच्या विसाव्याच्या वेळात त्यानं कँटीनमागच्या बाभळीखाली दगडांची लांब चूल मांडली आणि गाडीतळावर जाऊन सांगितलं, तुमचं पीठ आणा, एकत्र करू. जळण म्हणून कारखान्याची चिपाडं पडलेलीच होती. कुणी जागचं हललं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत कुठंतरी गळ असणार, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

तेवढ्यात एका गाडीच्या जुवाजवळून हाक आली, "आरं, पाटील न्हवं का ह्यो?"

बायनाबाई होती. जवळच कारखाना झाला म्हणून यंदा ती कोल्हापूरला न जाता इथंच आली होती. जवळ येऊन तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खांद्यावरचं फडकं, हाताला लागलेलं पीठ, कोपरावरचा भाजल्याचा डाग. "मंजी टेबल न्हाईच घेतलंस तू?"

"न्हाई, मावशे."

बायनाबाईनं कंबरेचं गाठोडं सोडलं आणि सगळं पीठ परातीत ओतलं. मग मागं वळून ओरडली, "ये गंगे, ये कमळे, आना की पीठ! बहात्तरला ह्याच्याच हातचं खाऊन जगलोया आमी."

त्या दिवसापासून बाभळीखालची चूल विझली नाही. वत्सला यायची, भाकरी थापायला ऊसतोडीच्या बाया बसायच्या. जो पीठ आणू शकला नाही त्यालाही पान मिळायचं, आणि ते कुणाच्या पिठाचं हे कुणी विचारत नसे.

हंगाम रंगात आला तेव्हा पहिल्या साखरपोत्यांच्या पूजेचा समारंभ ठरला. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते आणि सगळ्या सभासदांना बोलावणं गेलं होतं. जेवणाची तयारी आप्पारावाकडंच होती. आदल्या दिवशी दुपारी मोहनराव स्वतः कँटीनमध्ये आले.

"बुंदी झाली?"

"कळ्या पाडून झाल्यात. पाक सकाळी."

"बेस. आन हे बघ, गाडीतळ उद्यापुरता मागच्या माळावर हलवायला सांगितलंय. पाव्हन्याच्या गाड्या हितं लागतील. तुजी ती बाभळीखालची चूल बी इझव. एका दिसाचा तर प्रश्न हाय."

आप्पारावाच्या हातात झारा होता. तो त्यानं काहिलीच्या काठावर ठेवला. "त्या दिशी त्यांनी काय खायाचं, मामा?"

"एका दिसानं कुनी मरत न्हाई."

"बहात्तरला आबांनी असंच मनून दार लावलं आसतं तर?"

मोहनरावांचा चेहरा लाल झाला. कँटीनमधली पोरं हातातलं काम थांबवून बघत होती. "आप्पा, लई बोलायलास. दाजीच्या तोंडाकडं बघून तुला ठिवलाय हितं. पाव्हन्यापुढं कारखान्याची शोभा करायची हाय का?"

"शोभा न्हाई होऊ देनार मामा. पर दोनीपैकी एकच चूल पेटवायची आसंल तर मी भायेरच्या चुलीवर बसतो. हितली दुसऱ्या कुनाकडं द्या."

त्यानं कमरेची कोठीची किल्ली काढून फळीवर ठेवली आणि बाहेर पडला.

खोलीवर वत्सला सूप घेऊन बसली होती. तिला सातवा महिना होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग भांडी बांधू का?"

"बघू. थांब जरा."

"बांधून ठिवते. सोडायला काय येळ लागतो?" असं म्हणून ती खरंच उठली आणि फळीवरचे डबे उतरवायला लागली. आप्पाराव तिच्याकडं बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. बाजाराला निघताना पिशवी शोधावी, तेवढ्या सहजपणे ती डबे पुसत होती. मग तोही उठला आणि वरच्या फळीवरचे डबे उतरवून तिच्याजवळ ठेवू लागला.

सकाळी तो बाभळीखाली चूल पेटवत होता तेव्हा कँटीनची मोठी भट्टी थंड होती. आतली पोरं हात बांधून बसली होती. आप्पा आल्याशिवाय आम्हाला पाकाची तार समजत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. मांडव सजला होता, सनईवाले आले होते, सभासद ट्रॅक्टरांतून उतरत होते, आणि सैपाकाचा पत्ता नव्हता. दिवस चांगला वर आल्यावर मोहनरावांचा शिपाई धापा टाकत आला. "चेअरमनसाहेब मनलेत, दोनी चुली पेटवा. पर घाई करा."

"किल्ली?"

शिपायानं खिशातून किल्ली काढून दिली.

आप्पारावानं दोन्ही चुली पेटवल्या. सगळं वेळेवर झालं. गाडीतळ जागचा हलला नाही. मोहनराव मुरलेले पुढारी होते. पाहुण्यांची नजर गाडीतळाकडं वळतेय असं दिसताच ते स्वतःच त्यांना बाभळीखाली घेऊन आले, परातीतली एक भाकरी उचलली आणि फोटोवाल्याकडं हसून पाहिलं. नंतर भाषणात म्हणाले की, आमच्या कारखान्यानं ऊसतोड बांधवांसाठी अन्नाची सोय केली आहे. टाळ्या पडल्या.

कर्ण्यावरचं ते ऐकून बायनाबाई भडकली. "आरं, ह्यानं कवा थापली भाकर?"

"घेऊ दे मावशे नाव," आप्पाराव काहिलीत डाव फिरवत म्हणाला. "माईकवर बोललाय त्यो. आता ही चूल त्याला इझवता यायची न्हाई."

आणि तसंच झालं. पुढच्या हंगामाला तिथं पत्र्याची शेड आली.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. विठ्ठलराव सभासद म्हणून समारंभाला आले होते. पुढच्या रांगेत, गादीवर बसले होते. भाषण ऐकता ऐकता ते उठले. शेजारच्याला वाटलं, हात धुवायला चालले असतील. ते कँटीनला वळसा घालून बाभळीकडं आले. गाडीवानांची पंगत बसलेली होती. पोरगा पाठमोरा, घामानं निथळत, भाकऱ्या वाढत होता. विठ्ठलराव थोडा वेळ नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला, रांजणात तांब्या बुडवला आणि पंगतीच्या पहिल्या टोकाला वाकून पाणी ओतायला सुरुवात केली.

आप्पाराव वळला आणि तिथंच थबकला. बापलेक एकाच पंगतीत, एक भाकरी आणि एक पाणी घेऊन, शेवटच्या माणसापर्यंत गेले. विठ्ठलरावांनी त्यातल्या कुणाला जात विचारली नाही की गाव विचारलं नाही. सगळ्यांत शेवटी ते स्वतः बसले. आमटीचा भुरका घेऊन म्हणाले, "मीठ कमी हाय."

"व्हय, आबा," आप्पाराव म्हणाला.

वर्षभरानं बापानं त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. वत्सला सांगते की, त्या रात्री तिचा नवरा जेवलाच नाही. पोट भरलंय म्हणाला.

पुढं बरीच वर्षं गेली. चांगले हंगाम आले, वाईट आले. मोहनराव निवडणूक हरले, पुन्हा जिंकले, आणि गेले. पाऊस रुसला की ऊस घटायचा आणि कारखाना अर्ध्यातच बंद पडायचा. आप्पारावाच्या हाताखाली पंचवीस माणसं शिकून गेली. जानकीबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना पोरगाच भरवायचा.

आप्पारावाची थोरली मुलगी मंजुळा लग्नाची झाली. केजहून पाहुणे बघायला आले. घर चांगलं होतं, मुलगा तहसील कचेरीत होता. विठ्ठलराव तेव्हा ऐंशीच्या पुढं गेले होते, कमी ऐकू यायचं, पण बैठकीत लोडाला टेकून ताठ बसले होते. ही सोयरीक पुढं जमली, आणि मंजुळा त्या घरात सुखानं नांदली. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि घरातली माणसं मनातून धास्तावलेली होती.

मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "मुलीचे वडील कारखान्यात कोणत्या पदावर आहेत?"

मध्यस्थ अर्जुनराव घाईनं म्हणाले, "कँटीन सुपरवायझर हायेत. मोठी जबाबदारी हाय त्यांच्यावर."

"काय मनला ह्यो?" विठ्ठलरावांनी कानाशी हात नेला.

"सुपरवायझर मनलो, आबा," अर्जुनराव मोठ्यानं म्हणाले आणि डोळ्यांनी त्यांना गप्प राहण्याची खूण केली.

विठ्ठलरावांनी ती खूण पाहिली. पाहुण्यांकडं वळून ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलले. "सुपरवायझर न्हाई. आचारी. माजा पोरगा आचारी हाय."

अर्जुनराव सतरंजीकडं बघू लागले. आप्पाराव स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. पाहुण्यांचं जेवण त्यानंच केलं होतं आणि वाढण्याआधी तो विचारायला आला होता. खांद्यावर फडकं, हात ओले.

विठ्ठलराव लोडावरून थोडे बाजूला सरकले आणि आपल्या शेजारची मोकळी झालेली जागा त्यांनी तळव्यानं थोपटली.

"ये," ते म्हणाले. "हितं बस."